कोंबड्यांची थंडी

डिसेंबर लागला की निफाडचं नाव रोज पेपरात झळकतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात आणि तिथला आकडा तीच आमच्या तालुक्याची थंडी. आठ, सात, पाच. 2018 च्या डिसेंबरअखेरीला तर तो दोनाच्याही खाली उतरला होता. त्या दिवसांत जो भेटेल तो एकच विचारतो, "बागेचं काय?" बाग म्हणजे द्राक्षं. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, तयार माल तडकतो, वर्षाची मेहनत पाण्यात जाते. म्हणून रात्री बागांच्या कडेनं शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं. त्यात वावगं काही नाही, घर त्यावरच चालतं. पण कोंबड्यांचं काय, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही.

मळ्यातल्या घराच्या मागे माझ्या पंधरा-वीस कोंबड्या असतात. पिल्लं निघाली की तीस होतात, मुंगसाची नजर लागली की बारा. बहुतेक गावरान, त्यात अधूनमधून एखादी सुधारित जातीची गिरिराज. द्राक्षाचा पैसा सोसायटीत जातो, औषधाच्या दुकानात जातो, उरलाच तर बँकेत. अंड्यांचा पैसा माझ्या डब्यात. आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून ही रीत आहे. या व्यवहारात घरातले पुरुष लक्ष घालत नाहीत आणि मीही त्यांना घालू देत नाही.

पूर्वी कोंबड्यांना वेगळं घर लागतच नव्हतं. गोठ्यात बैलजोडी, एखाद-दुसरी गाय, वासरू. तिन्हीसांजेला कोंबड्या गव्हाणीवर उडी मारायच्या, तिथून आढ्याच्या वाशावर. खाली जनावरं रवंथ करत बसलेली असायची, त्यांची ऊब रात्रभर वर चढायची. थंडीसाठी निराळं काही करावं लागत नव्हतं, असं आत्या सांगतात. पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठ्यात फवारणीची औषधं आणि पाइपांची बंडलं आली. विषाचे डबे जिथे ठेवायचे तिथे कोंबड्या कशा बसवायच्या? म्हणून खुराडं बांधलं. बैल गेल्याचं दुःख सगळे करतात, ते पाठोपाठ कोंबड्यांची ऊबही घेऊन गेले हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

खुराडं आमच्याच मळ्यातल्या मोडीतून उभं राहिलं. द्राक्षांच्या जुन्या मांडवाचे लोखंडी अँगल चार कोपऱ्यांना, उत्तरेला आणि पश्चिमेला विटांची भिंत, पूर्वेला आणि दक्षिणेला जाळी, वर पत्रा. आमच्याकडचा बोचरा वारा उत्तरेचा, म्हणून तो अडवला. सकाळचं कोवळं ऊन पूर्वेचं, म्हणून ती बाजू मोकळी. दिवाळीनंतर जाळीला खालून कमरेइतकं गोणपाट बांधते. वरचा भाग उघडाच. पत्रा आणि भिंत यांच्यामध्येही वीतभर फट ठेवली आहे. तिला जाळी आहे, पण ती कधीच बुजवत नाही.

या फटीवरून आमच्याकडे एकदा चांगलंच वाजलं. पारा पाचावर आल्याची बातमी वाचून ह्यांनी बागेवर टाकायच्या प्लॅस्टिकचा उरलेला तागा आणला आणि खुराडं चारही बाजूंनी गुंडाळायला घेतलं. आत्या शेगडी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "कोंडू नको रे बाबा त्यांना! थंडीनं नाही मरायची कोंबडी, घुसमटून मरंल." हे म्हणाले, "आई, माणसं गोधडीतनं बाहेर निघत नाहीत आणि तू म्हणती उघडं ठेव." त्यावर आत्या म्हणाल्या, "तिची गोधडी तिच्या अंगावरच हाय." तागा परत शेडमध्ये गेला.

आत्यांचं म्हणणं पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही नीट समजावून सांगितलं. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंश सेल्सियसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा चारेक अंश जास्त. पिसं फुगवून ती आत हवा धरून ठेवते आणि अंग गरम राखते. तिला बाहेरून ऊब पुरवायची गरज नाही, जी आहे ती घालवू नये एवढंच. घालवणारं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ओल. कोंबडीला मूत्राशय नसतं. लघवी आणि विष्ठा एकाच वाटेनं एकत्र पडते, म्हणून तिच्या विष्ठेत पाणी भरपूर. त्यात रात्रभराचा श्वास. बंद खुराड्यात ही वाफ वर जाऊन पत्र्याला लागते, पत्र्याला घाम फुटतो आणि पहाटे तेच गार थेंब कोंबड्यांच्या पाठीवर पडतात. पिसं भिजली की फुगत नाहीत आणि मग सात अंशही बाधतात. शिवाय विष्ठेतून अमोनिया निघतो. सकाळी दार उघडल्यावर उभ्यानं वास घेऊन चालत नाही, वाकून कोंबडीच्या उंचीला नाक न्यावं लागतं. तिथे डोळे चुरचुरले तर समजायचं की रात्रभर त्या हेच ओढत होत्या. मग सर्दी, शिंका, घशाची घरघर सुरू होते आणि नाव थंडीवर जातं.

पत्र्याच्या घामावर आमच्याकडचा उपाय उसाच्या पाचटाचा. पत्र्याच्या वर जाड थर पसरून जुन्या तारांनी आवळून टाकते. पत्रा रात्री एकदम गार पडत नाही, त्यामुळे घामही कमी सुटतो. खाली लाकडाच्या भुश्याची चांगली चार-पाच बोटं गादी, तिच्यात थोडा चुना. ती रोज काढायची नसते, दाताळ्यानं खालीवर करायची. कोरडी राहिली तर ती आतल्या आत कुजते आणि हात घातला तर कोमट लागते. हिवाळा संपल्यावर हेच खत परसातल्या वांग्या-मिरच्यांना.

बसायच्या दांडीचंही असंच. मांडवाचे अँगल आणि पाइप घरात ढिगानं पडलेले, तेच आडवे टाकावेत असं कुणालाही वाटेल. पण लोखंड थंडी धरतं, आणि कोंबडीची अख्खी रात्र त्या दांडीवर जाते. मी लाकडाची चपटी पट्टी टाकली आहे, दोनेक इंच रुंद, रुंद बाजू वर. कोंबडी तिच्यावर बसते तेव्हा पायाची बोटं पुढून-मागून पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. गोल पाइपवर ती बोटं वळवून धरते आणि टोकं उघडी राहतात. पाय उघडा, तुरा उघडा आणि चोच उघडी, तेवढीच काय ती थंडी आत शिरायची दारं. चोचीचा बंदोबस्त तिनंच केलेला असतो, मान वळवून ती पाठीच्या पिसांत खुपसते.

खरी राखण मात्र संध्याकाळच्या दाण्याची. दिवसभर त्या उकिरडा उकरतात, बांधावर हिंडतात, तांदळाची कणी आणि भाकरीचे तुकडे खातात. पण दिवस कलताना प्रत्येकीच्या वाट्याला मूठभर भरडलेला मका किंवा बाजरी पडलीच पाहिजे. रिकाम्या पोटानं दांडीवर गेलेली कोंबडी पहाटे कुडकुडत उतरते. भरल्या पोटाची रात्रभर दाणा जिरवत राहते आणि जिरवतानाच अंग तापतं. अंधार पडल्यावर मी बॅटरी घेऊन जाते आणि दांडीवर बसलेलीच्या गळ्याखाली हात घालते. दाण्याची थैली उजव्या अंगाला लिंबाएवढी टणक लागली की पुढची. एखादीची मोकळी लागली तर तिला उतरवून कोपऱ्यात वेगळं खायला घालते. ती बहुधा दुबळी असते, बाकीच्या तिला टोचून हाकलतात.

पाण्याची गोष्ट तर अगदी सोपी, तरी पुष्कळजणी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. रात्रीचं भांड्यातलं पाणी पहाटे इतकं गार होतं की कोंबडी चोच बुडवते आणि झटकून टाकते. पाणी कमी प्यायली की खाणं कमी, खाणं कमी की अंडं बंद. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट निघतं. सकाळी पहिलं काम म्हणजे रात्रीचं ओतून देऊन ते ताजं भरायचं. अट एकच, त्या वेळी लाइट असली पाहिजे. ती नसली तर चुलीवरच्या हंड्यातलं तांब्याभर मिसळते.

सगळ्या कोंबड्यांना थंडी सारखी वाजत नाही. माझ्याकडे एक बोडकी आहे, मानेवर एकही पीस नाही, लालभडक कातडी. उन्हाळ्यात हिच्याइतकी सुखी कोणी नसते. मे महिन्यात बाकीच्या चोच उघडून धापा टाकत असताना ही रानभर फिरते. थंडीत उलट. दांडीवर ती कधी टोकाला बसत नाही, दोघींच्या मध्ये घुसते आणि शेजारणीच्या पंखाखाली मान घालते. शेजारीण टोचते, तरी हलत नाही. उलट्या पिसांची एक होती, तिचंही तसंच. पिसं वर वळलेली, त्यामुळे अंगाशी हवा धरली जात नाही. देखणी म्हणून मुलीनं हट्टानं घेतली होती. ती मी थंडीच्या आधी मामेबहिणीला दिली. बहीण कोकणात असते, तिथे कोंबडी बरी राहील म्हटलं.

दसऱ्याच्या पुढेमागे बऱ्याच जणी पिसं टाकतात. अंगण उशी फाटल्यासारखं दिसतं आणि कोंबड्या भिकारणी. नवी पिसं थंडीच्या आत भरून यायला हवीत. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, नुसत्या मक्यावर ते येत नाही. तेव्हा शेंगदाण्याची पेंड आणि आठवडी बाजारातली सुकट चालू करते. बांधावर वाळवी लागलेलं लाकूड सापडलं तर तेही आणून फोडून देते. सुकटीच्या वासावर घरातलं मांजर आणि ह्यांचं नाक, दोन्ही एकदमच चाळवतात.

याच काळात अंडी कमी होतात, आणि नव्यानं कोंबड्या पाळणाऱ्या बायका घाबरून विचारायला येतात. पिसांवर खर्च होतोय, अंड्यासाठी उरणार कुठून? त्यातून दिवस लहान. डिसेंबरअखेरीला आमच्याकडे उजेड जेमतेम अकरा तास असतो आणि अंडं घालायची यंत्रणा उजेडावर चालते. पोल्ट्रीवाले बल्ब लावून सोळा तासांचा दिवस करतात. मी करत नाही. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तिला बल्ब लावून आणखी किती काढणार? शिवाय लाइटीचा आमच्याकडे भरवसा नाही. आणि मार्गशीर्षात अर्ध्या गावाकडे मांस-अंडं बंदच असतं, गुरुवारची लक्ष्मी मांडलेली असते. अंडी कमी तर गिऱ्हाईकही कमी. अमावास्या उलटली की मात्र सकाळपासून पोरं डबे घेऊन दारात. पोल्ट्रीच्या अंड्याच्या दीडपट-दोनपट भाव तेव्हा मिळतो, पण डब्यात अंडी मोजकीच असतात.

थंडीपेक्षा मला धास्ती मानमोडीची. राणीखेत म्हणतात तो रोग, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फिरतो. हिरवट-पांढरी हगवण, पंख लुळे, मान पिळवटून मागे. एकदा शिरला की औषध नाही, दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. लस आहे आणि स्वस्त आहे, पण तिची सगळ्यात छोटी कुपी शंभर कोंबड्यांची. ती फोडून पातळ केली की दीड-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. पंधरा कोंबड्यांची बाई शंभराची कुपी आणून काय करणार? म्हणून बहुतेक जणी लसच देत नाहीत. आम्ही आसपासच्या पाच-सहा मळ्यांतल्या बायका थंडीच्या आधी एक संध्याकाळ ठरवतो. एक जण दुपारी थर्मासमध्ये बर्फ घालून तालुक्याला जाते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, मोठ्यांना दुसरी लस पंखाखाली टोचायची. अंधार पडल्यावरच निघायचं, कारण दांडीवर बसलेली कोंबडी हातानं उचलता येते, दिवसा तीच बाई शेतभर पळवते. एकीनं बॅटरी धरायची, एकीनं कोंबडी, एकीनं सुई. घरोघरचा चहा नाकारत, थर्मास सांभाळत बांधाबांधानं पळायचं. शेवटच्या मळ्यात पोचेपर्यंत हसून हसून पोट दुखतं. वर्षातून एवढीच एक संध्याकाळ आम्ही सगळ्याजणी पुरुषांशिवाय एकत्र बाहेर असतो.

2021 च्या जानेवारीत मात्र हसू नव्हतं. परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. 2006 मध्ये नवापूरला काय झालं होतं, लाखांनी कोंबड्या कशा पुरल्या, ते जुन्या लोकांना आठवतच होतं. आमचा मळा नांदूरमध्यमेश्वरपासून लांब नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं ते पाणी, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे परदेशी पाहुणे उतरतात, फोटो काढायला माणसं लांबून येतात. रानपाखरांतून रोग पसरतो असं टीव्हीवर सांगत होते, त्यामुळे ज्याला त्याला आभाळाकडे बघायची भीती. त्यात या रोगाची एक खूण म्हणजे तुरा निळा-जांभळा पडणं. आणि पाच अंशांच्या पहाटे कुठल्याही कोंबड्याचा तुरा टोकाशी जांभळटच दिसतो! शेजारच्या मळ्यातली वहिनी सकाळी सकाळी रडत आली. मी तिला म्हटलं, ऊन वर येऊ दे, मग बघू. नऊ वाजता उन्हात तुरा लाल झाला, कोंबडा आरवला, दाण्यावर तुटून पडला. रोगाचा तुरा उन्हानं लाल होत नाही, आणि रोगी कोंबडा दाण्याला तोंड लावत नाही. तरी त्या महिन्यात मी कोंबड्या पाटाच्या पाण्यावर जाऊ दिल्या नाहीत, बोअरचंच पाणी दिलं आणि खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवली. चप्पल अजून वेगळीच आहे.

दुसरी धास्ती बिबट्याची. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि त्याला लपायला जागा उरत नाही. तो मळ्यांकडे सरकतो. कुत्री जातात, वासरं जातात, कोंबडी तर त्याच्या दाताला लागत नाही, पण मिळाली तर सोडत नाही. खुराड्याची जाळी म्हणूनच दुहेरी, कडी बाहेरून, आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत दार उघडत नाही. वनखात्यानं एकदा शेजारी पिंजरा लावला, त्यात भक्ष्य म्हणून ठेवायला कोंबड्या हव्यात म्हणून माणूस आमच्याच दारात आला. मी नाही म्हटलं. आत्या म्हणाल्या, दे की दोन, पकडला तर सगळ्यांचं भलं. शेवटी दोन कोंबडे दिले. बिबट्या आला नाही, कोंबडे सुखरूप परत आले.

फवारणीच्या दिवशीही दार बंदच असतं. बागेत औषध मारलं की तिथले किडे खाऊन कोंबड्या आजारी पडतात. तडकलेले मणी खाली पडतात त्यावर त्यांची झेप असते, पण ते मी उचलून खड्ड्यात टाकते. बागेतल्या शेकोट्यांचं एक मात्र चांगलं. सकाळी विझलेल्या राखेच्या ढिगात कोंबड्या अंग घुसळून लोळतात. थंडीत जमीन दवानं ओली असते, कोरडी माती मिळत नाही, आणि लोळल्याशिवाय अंगावरच्या उवा-गोचिडी जात नाहीत. मी दोन घमेली राख खुराड्याच्या आडोशाला आणून ठेवते. पाळ्या लावून आंघोळी चालतात.

पौषात एखादी खुडूक बसते, तेव्हा तिच्याखाली नऊ-दहाच अंडी ठेवते. उन्हाळ्यात तेरा-पंधराही चालतील, पण थंडीत कडेची अंडी पंखाबाहेर राहिली की गार पडून वाया जातात. टोपलीत तळाला राख, वर भुसा, आणि आत्यांच्या आग्रहाखातर एक खिळा. खिळ्यानं काय होतं ते आत्यांनाही सांगता येत नाही. दाणापाणी टोपलीला चिकटून ठेवायचं, म्हणजे ती उठली तरी पाव तासात परत बसते. आठव्या रात्री मोबाइलच्या उजेडावर अंडी धरून बघते, शिरा दिसल्या तर ठेवायची, नाही तर काढायची. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, आणि पुढचा महिनाभर त्यांची शेगडी म्हणजे आईचं पोट. बल्ब, खोका काही लागत नाही. सकाळच्या उन्हात ती अंग सैल सोडून बसते तेव्हा पिल्लांची डोकी पंखांच्या मधून कुठून कुठून बाहेर येतात, मोजायला गेलं तर दर वेळी आकडा निराळा.

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, तसं आमच्याकडे बहुतेक वेळा होतं. मग गोणपाट सोडते, पाचट खाली ओढते, गादी खणून वांग्यांना घालते. पुढे एप्रिल-मेची चिंता वेगळी. खरं सांगायचं तर आमच्याकडे कोंबड्या थंडीपेक्षा उन्हानंच जास्त मरतात. पण त्याला अजून महिनाभर असतो. गोणपाट धुऊन, वाळवून माळ्यावर टाकते. उंदरांनी कुरतडलं नाही, तर दिवाळीनंतर तेच पुन्हा जाळीला बांधायचं.